डॅन्यूबला पसरायला जागा देणारं राष्ट्रीय उद्यान
व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हा या दोन राजधान्यांच्या मधोमध आहे ऑस्ट्रियाचं डोनाउ-आउएन राष्ट्रीय उद्यान!

डिसेंबर १९८४ मध्ये हाइनबुर्गजवळ जलविद्युत प्रकल्पासाठी इथलं जंगल तोडलं जाणार होतं. हजारो माणसं कडाक्याच्या थंडीत जंगलातच ठाण मांडून बसली. काम थांबलं आणि १९९६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं.

इथे डॅन्यूब सुमारे ३६ किलोमीटर धरणाविना वाहते. पुरात नदीचे जुने फाटे पुन्हा भरतात, माशांना अंडी घालायला उथळ पाणी मिळतं. पाण्याने कोरलेल्या उभ्या काठांत खंड्या घरटी करतो. पूर हाच या जंगलाचा प्राण आहे!

व्हिएन्नाला गेलात तर जवळच्या ओर्थ गावच्या किल्ल्यातलं उद्यानाचं माहिती केंद्र जरूर पाहा.