खांदेरीचा दिवा आणि वऱ्हाडचा कापूस

१८६७ साली बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोचली आणि त्याच वर्षी अलिबागजवळच्या थळसमोर, खांदेरी बेटावर दीपगृह उभे राहिले. अमरावती-अकोल्याच्या माणसाला दुसरी घटना परकी वाटेल. मला ती आपलीच वाटते.

अमेरिकेतील यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, तेव्हा वऱ्हाडच्या रुईला सोन्याचा भाव आला. पूर्वी बैलांच्या तांड्यांवर लादून नेला जाणारा माल आता रेल्वेने मुंबई बंदरात जाऊ लागला. सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडला. तोवर विलायतेचे जहाज आफ्रिकेला वळसा घालून जायचे. म्हणजे आपल्या गठाणी मुंबई सोडून दक्षिणेला निघाल्या की डाव्या हाताला खांदेरी लागायचे. कालव्यानंतर ती वाट बदलली, तरी दक्षिणेकडून बंदरात शिरणाऱ्यांना हा दिवा हवाच होता.

पण बेटाचा खरा पराक्रम त्याआधीचा. ऑगस्ट १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारींनी इथे तटबंदी सुरू केली. मुंबईच्या तोंडाशीच मराठ्यांचा किल्ला! इंग्रजांनी गलबते धाडली. सप्टेंबरात लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरताना मारला गेला. ऑक्टोबरात ‘रिव्हेंज’ हे जहाज घेऊन मिंचिन आणि केग्विन हे इंग्रज अधिकारी लढले, तरी ‘डव्ह’ हे त्यांचे दुसरे जहाज मराठ्यांच्या हाती पडलेच. वारा पडला की इंग्रजांची जड जहाजे जागीच खिळत. मराठ्यांच्या वल्ह्यांच्या होड्या मात्र रात्रीच्या अंधारात रसद पोचवत. काम थांबले नाही. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांना समेट करावा लागला. १७१८ मध्ये, कान्होजी आंग्र्यांच्या काळातही, इंग्रजांचा हल्ला फसला. जिथे भिंत उठू नये म्हणून ते झगडले, तिथेच पुढे त्यांनी आपल्या जहाजांसाठी दिवा लावला.

बेटाला आज कान्होजींचे नाव आहे. दोन टेकड्यांपैकी दक्षिणेकडच्या टेकडीवर दीपगृहाचा अष्टकोनी मनोरा आहे. खाली कोळ्यांचा वेताळ आहे, चाकांच्या लोखंडी गाड्यांवरच्या तोफा आहेत. त्या गाड्या जरूर निरखून पाहा. अशा फार थोड्या उरल्या आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीही आहे. थळहून होडीने जाता येते, पण पावसाळा टाळूनच बेत आखावा.