वाट मोडू नये म्हणून

मुळशीच्या डोंगरात एखाद्या म्हाताऱ्याला जुन्या घाटवाटेबद्दल विचारलं, की बरेचदा दोनच शब्दांत उत्तर मिळतं: ‘वाट मोडली.’ घर मोडतं, संसार मोडतो, तशी वाटही मोडते. दरड आली तर एका रात्रीत, एरवी सावकाश, पावलं पडायची थांबली की. काही पावसाळ्यांतच कारवी दोन्ही अंगांनी मिटत येते, ओढ्याकाठची दगडी पायरी वाहून जाते आणि गुरांनी पाडलेल्या ढोरवाटाच तेवढ्या ठळक उरतात. नवखा माणूस चुकतो तो याच ढोरवाटांवर.

तैलबैलाच्या पठारावरून वाघजाई आणि सवाष्णी हे घाट सुधागडाच्या बाजूला कोकणात उतरतात. पिंप्रीकडून सावळ्या घाट उतरतो. अंधारबनाची वाटही तिथूनच निघते आणि हिरडी गावावरून भिऱ्याकडे जाते. यातली एकही वाट सहलीसाठी पाडलेली नाही. मीठ, धान्य, गुरं आणि सोयरिकी या वाटांनी वर-खाली होत. अवघड जागी कातळात पावठ्या खोदल्या जात, ओढ्यात दगड रचले जात, आडवी आलेली फांदी येता-जाता कोयत्याने छाटली जाई. दुरुस्तीसाठी वेगळं कुणी नेमावं लागत नसे, कारण चालणारेच वाट राखणारे होते. डांबरी रस्ता आणि एसटी आली, तसे ते चालणारे उरले नाहीत.

मुळशीकरांनी वाटा आणखी एका तऱ्हेने गमावल्या आहेत. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांचा तो लढा इतिहासात राहिला, पण धरण झालंच. खोऱ्यातल्या गावांबरोबर त्या गावांना जोडणाऱ्या पाऊलवाटाही पाण्याखाली गेल्या. योगायोग असा, की त्याच १९२१ साली अमेरिकेत बेंटन मॅकाय यांनी अॅपलाचियन डोंगररांगेवरून चालत जाण्याच्या एका सलग वाटेची कल्पना लेख लिहून मांडली. ती वाट १९३७ मध्ये पूर्ण झाली. चौदा राज्यांतून जाणारी, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची ती वाट आजही मुख्यतः स्वयंसेवकांच्या हातांवर टिकून आहे. तीस-एकतीस स्थानिक मंडळांनी तिचे टप्पे वाटून घेतले आहेत आणि प्रत्येक मंडळ आपला टप्पा राखतं.

एवढी मोठी व्यवस्था मुळशीत नाही, पण तिचं बीज इथे आहे. एकोले गावाजवळचा घनगड त्याची साक्ष देतो. गडाच्या वरच्या भागात पायऱ्या तुटून उघडा कातळ उरला होता आणि तिथून पुढे जायचं तर हाताच्या बोटांवर भरवसा ठेवावा लागे. ‘शिवाजी ट्रेल’ या संस्थेने गडावर संवर्धनाचं काम हाती घेतलं. लोखंडी शिडी लागली, माहितीफलक आले आणि सामान्य कुटुंबालाही माथा गाठता येऊ लागला. ही शिडी वर कशी नेली असेल याचा विचार करत गारजाईच्या देवळापासून पुढचा चढ चढून पाहावा. लोखंड, सिमेंट, पाणी हे सगळं तिथे माणसांच्याच खांद्यावरून जातं.

शिडीचा फोटो निघतो. पाण्याची वाट काढून देण्याच्या कामाचा कुणी फोटो काढत नाही, आणि खरं काम तर तेच आहे. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. असा पाऊस पायवाटेवर पडला आणि पाण्याला बाजूला जायला जागा मिळाली नाही, की वाटेचाच ओहोळ होतो. माती जाते, मुळं उघडी पडतात. चालणारे चिखल टाळून कडेने जातात आणि एका वाटेच्या तीन होतात. नागमोडी वळणं सोडून सरळ उतरणारे उतावळे पाय हेच नुकसान आणखी वाढवतात. उपाय जुना आणि साधा आहे. वाट दरीच्या बाजूला किंचित कलती ठेवायची, चढावर थोड्या थोड्या अंतराने दगडांची तिरपी ओळ पुरून पाणी बाहेर काढायचं, आणि सरळ उतरणारी चोरवाट काटेरी फांद्या टाकून बंद करायची. खाचराचा बांध कुठे फोडून जादा पाणी सोडायचं हे जाणणाऱ्या मुळशीच्या भातशेतकऱ्याला यातलं काही शिकवावं लागत नाही. म्हणून शहरातून येणाऱ्या गटांनी या कामात गावकऱ्यांना नुसते मदतनीस समजू नये. कामाची आखणी त्यांनीच करावी.

मात्र वाटेल तिथे कोयता चालवता येत नाही. ताम्हिणी २०१३ पासून अभयारण्य आहे. शेकरूचं घर असलेल्या या जंगलात वन विभागाच्या परवानगीशिवाय झाडोरा तोडणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरतं, आणि ते योग्यच आहे. अशा ठिकाणी वन विभाग आणि गाव यांनी एकत्र बसणं हाच मार्ग उरतो. सिंहगडावर गाड्यांकडून घेतलं जाणारं उपद्रव शुल्क स्थानिक वन व्यवस्थापन समितीमार्फत गोळा होतं. मुळशीच्या वाटांवरही जमणाऱ्या पैशातला ठरलेला वाटा वाटेच्याच डागडुजीला आणि ती करणाऱ्या गावातल्या हातांना मिळायला हवा.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर पुणे जिल्ह्यात अनेक धोक्याच्या ठिकाणी मनाई हुकूम लागू झाले. पावसाच्या ऐन भरात वाट बंद ठेवणं हीसुद्धा तिची राखणच आहे. त्या दिवसांत ओढ्यांना पाणी किती चढतं, कुठली दगडी पायरी हलली, झाड कुठे आडवं पडलं, हे सगळ्यांत आधी कळतं ते गुरांमागे रानात जाणाऱ्याला. पाऊस ओसरला की पहिली सुट्टी साधून निघालेल्या गटांनी पिंप्रीत किंवा एकोल्यात आधी त्याला गाठावं, वाटेची खबर विचारावी आणि पाठपिशवीत एखादा कोयता आणि हातमोजेही ठेवावेत. कोयता कुठे काढायचा आणि कुठे काढायचा नाही, तेही तोच सांगेल.