ऐकू येतं, पण कळत नाही

कांद्याचा भाव फोनवर विचारताना आमच्याकडचा शेतकरी एक प्रश्न हमखास करतो, ‘‘सातशे का आठशे? नीट सांगा, सहानंतरचे सात का नवाच्या आधीचे आठ?’’ नगर-मनमाड रस्त्यावर, प्रवरेच्या काठी वसलेल्या आमच्या कोल्हारमध्ये एसटीडी बूथच्या काळात हा संवाद मी कितीदा तरी ऐकला आहे. पारावर समोरासमोर बसून बोलताना मात्र हे कुणी विचारत नाही. मग फोनवरच सात-आठाचा घोळ का व्हावा?

उत्तर सोपे आहे. फोन ही एक चाळण आहे. आपल्या बोलण्यात जाड आणि बारीक असे दोन्ही प्रकारचे ध्वनी असतात. ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’ हे भरदार. त्यांचा जोर खालच्या पट्टीत. ‘स’ हा दातांतून सुटणाऱ्या वाऱ्याचा आवाज. त्याचा बराचसा जोर सेकंदाला चार हजार कंपनांच्या वर असतो. एकाच मार्गावरून अनेक संभाषणे नेता यावीत म्हणून अभियंत्यांनी फोनवरचा आवाज साधारण ३०० ते ३४०० कंपनांपुरता आखडून घेतला. या चाळणीत ‘स’चा मोठा भाग अडकून पडतो. ‘सातशे’तला ‘स’ पुसट झाला की उरते ‘आतशे’, आणि ते ‘आठशे’पासून कितीसे लांब?

तरीही फोनवर आपले अडत नाही, कारण गाळलेल्या जागा मन भरून काढते. ‘आई आजारी आहे, लगेच निघ’ या वाक्यातली दोन अक्षरे गळाली तरी अर्थ पोचतो. आकड्यांना आणि आडनावांना मात्र मागचा-पुढचा आधार नसतो. म्हणून तर आपण ‘स सशातला’, ‘ब बदकातला’ असे सांगत बसतो.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. ऐकणाऱ्याला अंदाज बांधता येऊ नये म्हणून ते निरर्थक अक्षरे वाचून दाखवत, मध्ये गाळण्या लावत आणि किती अक्षरे बरोबर टिपली गेली ते मोजत. निष्कर्ष मोठा गमतीचा होता. बोलण्यातली बहुतेक ताकद खालच्या पट्टीत, पण अर्थ उलगडण्याचे काम मोठ्या प्रमाणावर वरच्या पट्टीत. खालचे ध्वनी गाळले तर आवाज किरटा होतो, पण शब्द कळतात. वरचे गाळले तर आवाज भरदार राहतो आणि शब्द हरवतात. १९४७ साली फ्रेंच आणि स्टाइनबर्ग यांनी दाखवले, की सुमारे १९०० कंपनांच्या वर आणि खाली समजण्याचा वाटा जवळपास सारखा असतो.

यात्रेतला लोखंडी कर्णा आठवा. त्यातून आवाज नाकातून आल्यासारखा येतो, पण ‘हरवलेल्या मुलाला घेऊन जा’ हे शब्द शेतापलीकडेही समजतात. उलट एखाद्या मंगल कार्यालयात मोठमोठी खोकी घुमत असतात, छातीत धडधडते आणि वक्ता काय म्हणाला ते पहिल्या रांगेलाही कळत नाही.

हे सारे सांगायचे कारण आमच्या घरातले आहे. पंचाहत्तरी ओलांडलेली आई हल्ली म्हणते, ‘‘अरे, ऐकू येतं, पण कळत नाही.’’ घरात सर्वांना वाटे, तिचे लक्ष नसते. कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख समोर ठेवला, तेव्हा उलगडा झाला. खालच्या पट्टीत रेषा जवळपास ठीक, वर मात्र घसरत गेलेली. वयाबरोबर बहुधा असेच होते. बारीक ध्वनी टिपणाऱ्या पेशी कानातल्या शंखाच्या तोंडाशी असतात आणि त्या आधी थकतात. म्हणजे तिच्या कानातच एक चाळण बसली आहे. नातवाचे भरभर बोलणे तिच्यापर्यंत नुसत्या स्वरांचे पोचते. व्यंजने वाटेतच गळतात.

अशा वेळी आपण काय करतो? ओरडतो! ओरडण्याने ‘आ’, ‘ओ’ फुगतात. ‘स’, ‘फ’, ‘थ’ तितके वाढत नाहीत. शिवाय थकलेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा एकदम बोचतो. मग आई म्हणते, ‘‘ओरडतोस कशाला?’’ आणि आपण म्हणतो, ‘‘हिला काही सांगायची सोय नाही.’’ हळूहळू ते माणूस गप्पांतून उठून कोपऱ्यात जाऊन बसते, आणि घर समजते की ते विसराळू झाले.

उपाय आहेत. तपासणी करून घेतलेले श्रवणयंत्र सगळेच आवाज सारखे मोठे करत नाही. जी पट्टी कमी पडते तीच उचलते. नव्या ४जी फोनवर, जिथे दोन्हीकडून सोय असेल तिथे, सात हजार कंपनांपर्यंतचा आवाज जातो आणि ‘स’ बऱ्यापैकी शाबूत पोचतो. पण सर्वांत स्वस्त उपाय आपल्या हाती आहे. दूरदर्शन संच बंद करावा, उजेडात समोर बसावे म्हणजे ओठ दिसतात, आवाज न चढवता सावकाश बोलावे. आणि कळले नाही तर तेच वाक्य पुन्हा न ओरडता दुसऱ्या शब्दांत सांगावे. आमच्या घरात आता जेवताना दूरदर्शन बंद असतो, आणि भाव सातशे होता की आठशे हे आई स्वतःच विचारते.