पाच पिनांच्या वायरीतून नंगारा

वऱ्हाडात लग्नसराई सुरू झाली, की गावोगाव वाजंत्री निघते. पूर्वी सनई, डफडे, हलगी एवढा सरंजाम पुरे होई. आता वरातीच्या गाडीवर ऑक्टोपॅड असतो, शेजारी कीबोर्ड आणि हल्ली एखादा लॅपटॉपही. तालाचे यंत्र आणि संगणकातले संगीताचे सॉफ्टवेअर यांची गाठ घालणारी जी व्यवस्था आहे, तिचे नाव मिडी. नाव विलायती असले तरी व्यवहार आपल्या ओळखीचा आहे. माझी सारी नोकरी बँकेत गेली, म्हणून मला तो जरा लवकर उमगला इतकेच.

मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही, ही पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. आमच्या काळी वाशीमच्या शाखेने नागपूरवर ड्राफ्ट काढला, तर त्या कागदातून नोटा जात नसत. अमक्याला इतके द्या, एवढी आज्ञा जाई. मिडीचेही तसेच. ‘दहावे खाते, ३६ नंबरचा ठोका, जोर १००’ एवढाच निरोप जातो. रोकड, म्हणजे प्रत्यक्ष नाद, पलीकडच्या यंत्राने आपल्या तिजोरीतून काढायचा. एका वायरीत अशी १६ खाती मावतात आणि ठोक्याचा जोर १ ते १२७ या आकड्यांत मोजला जातो.

ही सोय होण्याआधी प्रत्येक कंपनीची वाद्ये आपापल्या भाषेत बोलत. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडच्या ताल आणि सूर देणाऱ्या यंत्रांवर दहा राग वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. त्या यंत्रांना एकमेकांची लय सांगता येई, पण ‘हा स्वर, एवढ्या जोरात’ हे एका कंपनीच्या वाद्याला दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला सांगणे अवघडच होते. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका वायरीने जोडून दाखवली गेली आणि कोंडी फुटली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी या दोघांना त्याबद्दल २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळाले. धंद्यातल्या वैऱ्यांनी एक भाषा ठरवली आणि ती फुकट वाटली, याचे मला यंत्रापेक्षाही अप्रूप वाटते.

मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरचा, बँडमध्ये ऑक्टोपॅड वाजवणारा एक तरुण माझ्या परिचयाचा आहे. त्याने जुने ड्रम मशीन घेतले, लॅपटॉपला जोडले आणि मला बोलावले. ‘‘काका, एक टोला हाणला तं दोनदा वाजून राह्यला!’’ मला हसू आले. ही तर दुबार पोस्टिंग! मशीन स्वतः वाजत होते आणि सॉफ्टवेअर तोच निरोप परत त्याच्याकडे धाडत होते. मशीनमधले ‘लोकल’ बंद केले, की निरोप एकाच वाटेने फिरतो. वायरीचेही सूत्र सोपे आहे. एकाचे ‘आउट’ दुसऱ्याच्या ‘इन’मध्ये घालावे.

दुसरे दुखणे घड्याळाचे. दोन्हीकडे लय १२० ठेवली, तरी गाणे लांबले की ठोके सरकतात, कारण घड्याळे दोन. एकाच शाखेत दोन घड्याळे असली, तर हजेरीपटावरून भांडणे ठरलेलीच. म्हणून सॉफ्टवेअरला मालक करावे आणि मशीनला बाहेरचे घड्याळ पाळायला सांगावे. मग पाव स्वराच्या अवधीला २४ टिचक्या या हिशेबाने ते मुकाट चालते. तिसरे दुखणे उशिराचे. पॅडवर मारले आणि नाद सॉफ्टवेअरमधून घेतला, तर ‘बफर’ १०२४ असताना त्यापायीच सुमारे २३ मिलिसेकंद जातात आणि वाजवणाऱ्याचा हात अडखळतो. तो १२८ वर आणला, की तीनच.

इतके जमल्यावर खरा प्रश्न समोर आला. १९९१ साली वाद्यांना नंबर देण्याची सर्वमान्य यादी ठरली. तालवाद्यांसाठी तिच्यात ४७ आवाज आहेत. शिट्टी आहे, खुळखुळे आहेत, गाईच्या गळ्यातली घंटाही आहे. तबला, ढोलकी, नंगारा यांना मात्र जागा नाही. या पोराचे आजोबा नंगारा वाजवतात. पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत ज्यांनी तो ऐकला असेल, त्यांना या उणिवेचे मोल सांगायला नको.

पण यादीला नाही म्हणून यंत्राला नाही, असे नसते. कोणत्याही नंबरावर कोणताही आवाज बसवता येतो. पोराने आजोबांचे हलके, भारी, कडेचे टोले ध्वनिमुद्रित केले आणि पॅडवर चढवले. मग नव्या पिढीच्या सवयीने सगळे ठोके ‘क्वांटाइझ’ केले, म्हणजे पट्टी लावून सरळ केले. म्हातारबाबांनी ऐकले आणि म्हणाले, ‘‘वाजते तं बरोबर. पण हा नंगारा चालत नाई, उभा राह्यते.’’

त्या एका वाक्यात सारे आले. हाताचा ठोका मात्रेच्या किंचित पुढे-मागे पडतो, आणि त्या किंचितमध्येच वाजवणारा असतो. दोष मिडीचा नव्हे. एका मात्रेचे ९६० भाग करणारी सॉफ्टवेअर आज सर्रास मिळतात. ठोका पडला तिथेच ती टिपतात. तो सरळ करायचा की तसाच राहू द्यायचा, हे माणसाने ठरवायचे. पोराने पट्टी काढून घेतली.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नंगाऱ्याच्या आकाराची ती वास्तू पाहण्याजोगी आहे. वाद्य तिथे जपले जाईल. हात मात्र ज्याचा त्याच्याबरोबर जातो. त्या हाताची चाल, जोर आणि वेळ यांसकट, आज एका साध्या वायरीने उतरवून ठेवता येते. ज्यांच्या घरी डफडे, संबळ, नंगारा वाजवणारे म्हातारे आहेत, त्यांच्या नातवंडांनी हे काम मनावर घ्यावे. आणि फाईलीला नाव देताना वाद्याच्या आधी वाजवणाऱ्याचे नाव लिहावे. आम्ही बँकवाले खात्यावर आधी खातेदाराचे नाव घालतो.