विभक्त अर्जदारांना घरकुलासाठी कोणता कागद लागतो?

शासकीय गृहनिर्माण योजनांमध्ये पात्रता व्यक्तीची नव्हे, तर कुटुंबाची तपासली जाते. त्यामुळे जोडीदारापासून वेगळे राहणाऱ्या अर्जदाराच्या बाबतीत विवाह कायद्याने संपुष्टात आला आहे किंवा नाही, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

१ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये पती, पत्नी आणि अविवाहित मुले-मुली मिळून एक लाभार्थी कुटुंब मानले जाते. या कुटुंबाचे देशात कोठेही पक्के घर नसावे, अशी अट आहे. विधवा व एकट्या महिलांना योजनेत प्राधान्य आहे. तथापि, विवाह कायम असल्यास पतीच्या नावावरील घर माहेरी राहणाऱ्या महिलेच्या अर्जात अडसर ठरू शकते.

अनेक दांपत्ये मुद्रांकावर फारकतीचा लेख करून देतात. नोटरीचा शिक्का असला तरी अशा लेखाने विवाह संपत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २९ मध्ये रूढीने मान्य घटस्फोटाचा अपवाद आहे. मात्र ती रूढी सिद्ध करावी लागते. तत्काळ तीन तलाकचे लेखी पत्रही २०१९ च्या कायद्यानुसार निरर्थक आहे.

याच हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० नुसार मिळणाऱ्या न्यायिक विभक्ततेच्या हुकूमनाम्याने एकत्र राहण्याचे बंधन सुटते, विवाह मात्र कायम राहतो. पोटगीचा आदेश किंवा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ खालील निवासाचा आदेश अर्जदाराची परिस्थिती स्पष्ट करतो. परंतु तो घटस्फोटाचा पुरावा नव्हे.

म्हणूनच न्यायालयाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हा सर्वांत भक्कम पुरावा होय. परस्पर संमतीच्या अर्जासाठी दोघांनी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. त्यानंतरची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणी माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. कलम २३ नुसार दोन्ही पक्षांना हुकूमनाम्याची एक प्रत विनामूल्य दिली जाते. ती जपून ठेवावी आणि शिधापत्रिकेतील नोंदीही वेळीच बदलून घ्याव्यात.

वकिलाचा खर्च परवडत नसलेल्या महिलांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिलांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते.