कोंबडीखताने रोप का करपतं?

परसात चार गावरान कोंबड्या आणि एखादी शेळी असली की खत फारसं विकत आणावं लागत नाही. पण कोंबडीची ताजी विष्ठा मिरचीच्या बुंध्याशी टाकली तर रोप करपतं. शेळीच्या लेंड्या मात्र सहसा सोसतात. असं का?

पक्षी लघवी वेगळी करत नाहीत. विष्ठेवरचा पांढरा थर म्हणजे युरिक आम्ल. जिवाणू त्याचा अमोनिया करतात (खुराड्यात डोळ्यांना झोंबतो तो हाच) आणि कोवळी मुळं भाजतात. शेळीचं मूत्र वेगळं पडतं, म्हणून लेंडीत झटपट सुटणारा नत्र कमी.

खुराड्यात भाताचं तूस किंवा पालापाचोळा अंथरा. त्यातल्या कर्बामुळे नत्र धरून राहतो. हे सगळं ओलसर ठेवून, वरखाली करत दोन-तीन महिने कुजवा. पालेभाजीला ताजी विष्ठा अजिबात घालू नका. साल्मोनेलाचा धोका असतो.