कचेरीबाहेरचे काम

कचेरी हा शब्द उच्चारला की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. ओळीने मांडलेली मेजे, भिंतीवरचे घड्याळ, दाराशी हजेरीपत्रक आणि सर्वांवर नजर ठेवता येईल अशा जागी बसलेले साहेब. या चित्राची सवय इतकी जुनी आहे की, काम करणे म्हणजे कामाच्या जागी उपस्थित असणे, अशी समजूत कोणी न शिकवताच रूढ झाली. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा असंख्य लोकांना आपली कचेरी घरी न्यावी लागली आणि त्या समजुतीला धक्का बसला. परंतु तो प्रसंग निरुपायाचा होता. आणि निरुपायाने केलेल्या गोष्टीची खरी पारख होत नाही. ज्यांनी विचारपूर्वक आपल्या सहकाऱ्यांना कचेरीबाहेर काम करू दिले, त्यांचा अनुभव त्यासाठी पाहावयास हवा.

असा एक अनुभव मुंबईचाच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला. 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' या नावाने ही संस्था पुढे सर्वपरिचित झाली आणि तिच्या सभासद भगिनींची संख्या सुमारे ४५,००० पर्यंत गेली. एवढ्या जणींना रोज एका छपराखाली आणणे परवडणारे नव्हते; आणि आणावयाचे ठरविले असते, तरी घर व मुले सोडून कितीजणी येऊ शकल्या असत्या? संस्थेने निराळी वाट काढली. शाखेत पीठ ठरलेल्या प्रमाणाने मळले जाते. भगिनी ते घरी नेतात, पापड लाटतात, वाळवतात आणि शाखेत आणून देतात. तेथे तपासणी व वजन होऊन लाटण्याचा मोबदला मिळतो. घरी काय जावयाचे ते निश्चित, परत काय यावयाचे तेही निश्चित. मधला वेळ कसा वापरावा, हे मात्र जिचे तिने ठरवावे.

यावर कोणी म्हणेल की, पापड तराजूत घालता येतात. बुद्धीचे काम कसे तोलावयाचे? या शंकेचे उत्तर इंग्लंडमध्ये त्याच सुमारास मिळू लागले होते. स्टेफनी शर्ली या २०२५ मध्ये निवर्तलेल्या बाई १९३९ साली, पाच वर्षांच्या असताना, नाझी राजवटीपासून बचावून निर्वासित म्हणून त्या देशात आल्या होत्या. १९६२ मध्ये त्यांनी अवघ्या ६ पौंडांच्या भांडवलावर, स्वतःच्या घरातून, संगणकासाठी आज्ञावली तयार करून देण्याचा व्यवसाय सुरू केला. विवाह झाला किंवा पहिले मूल होण्याची वेळ आली की स्त्रीने नोकरी सोडावी, अशी तेव्हा तिकडे अपेक्षा असे. त्यामुळे उत्तम शिकलेल्या आणि अनुभवी स्त्रिया घरी बसून होत्या. शर्लीबाईंनी त्यांनाच हाक दिली. त्यांच्या पहिल्या ३०० सहकाऱ्यांत पुरुष होते केवळ तीन.

घरात संगणक असण्याचा तो काळ नव्हता. या स्त्रिया पेन्सिल आणि कागद घेऊन आज्ञावली लिहीत व टपालाने पाठवीत. मग ती कागदी फितीवर अथवा पत्त्यांवर छिद्रे पाडून यंत्राला पुरविली जाई. उमेदवाराच्या घरी दूरध्वनीची सोय आहे काय, हा प्रश्न शर्लीबाई आवर्जून विचारीत. ग्राहकाशी बोलताना पाठीमागे मुलाचे रडणे ऐकू जाऊ नये, म्हणून टंकलेखन यंत्राच्या खडखडाटाची ध्वनिफीत त्या लावून ठेवीत, आणि पत्राखाली 'स्टीव्ह' अशी पुरुषी सही करीत. अशा विखुरलेल्या संघाने मालगाड्यांची वेळापत्रके आखली आणि कॉंकॉर्ड या ध्वनीहून वेगवान विमानाच्या उड्डाणनोंदीच्या पेटीसाठी आज्ञावली लिहून दिली.

हे साधले कशामुळे? शेजारच्या मेजाशी जाऊन विचारण्याची सोय नसेल, तर कामाचे टप्पे, त्यांचा क्रम आणि प्रत्येकीचा वाटा अगोदर कागदावर स्पष्ट उतरवावा लागतो. एरवी आळसाने टाळली जाणारी ही शिस्त अंतरामुळे अटळ झाली. या व्यवसायाने बसविलेले कामाच्या नियंत्रणाचे दंडक पुढे नाटो या संघटनेनेही स्वीकारले. नजरेआडच्या माणसावर विश्वास टाकावा लागतो. आणि असा विश्वास टाकावयाचा, तर काम मोजण्याची रीतही चोख हवी.

तथापि, एका कर्तबगार बाईंच्या यशावरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही. त्यासाठी प्रयोग हवा. आणि तो चीनमध्ये झाला. शांघायमधील 'सीट्रिप' या प्रवासव्यवस्था करणाऱ्या कंपनीने २०१० च्या अखेरीस, स्टॅनफर्ड विद्यापीठातील निकोलस ब्लूम आदी अर्थशास्त्रज्ञांच्या साहाय्याने, दूरध्वनीवरून ग्राहकांची सेवा करणाऱ्या २४९ इच्छुक कर्मचाऱ्यांचे दोन गट केले. जन्मतारीख सम असलेल्यांनी आठवड्याचे चार दिवस घरून काम करावयाचे आणि विषम असलेल्यांनी नेहमीप्रमाणे कचेरीत यावयाचे. नऊ महिन्यांनी पाहता घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. विश्रांतीसाठी उठणे व आजारपणाची रजा कमी झाल्याने कामाची मिनिटे वाढली, आणि घर अधिक शांत असल्याने दर मिनिटाचे कामही थोडे वाढले. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. ज्या कंपनीची शिकवून तयार केलेली माणसे टिकतात, तिच्या संघात अनुभव साठत जातो. हा लाभही मोठा होय.

परंतु याच प्रयोगाने दुसरी बाजूही दाखविली. सारख्या कामगिरीच्या मानाने पाहता, घरी असणाऱ्यांना बढती कमी मिळाली; जो दिसत नाही तो वरिष्ठांच्या स्मरणातूनही उतरतो. अनेकांना एकटेपण जाचू लागले. पुढे निवडीची मुभा दिली, तेव्हा घरून काम केलेल्यांपैकी सुमारे निम्मे जण कचेरीत परतले. विशेष असे की, ज्याला जे मानवते ते त्याने निवडल्यावर घरून होणाऱ्या कामातील वाढ २२ टक्क्यांवर गेली.

याच कंपनीने २०२१-२२ मध्ये आणखी एक प्रयोग केला. १,६१२ कर्मचाऱ्यांपैकी एका गटाला आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा दिली. त्या गटातील नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. कामगिरीला अथवा बढतीला मात्र बाध आला नाही. भेटीगाठींसाठी कचेरी आणि एकाग्रतेसाठी घर, अशी ही वाटणी होती.

लिज्जतच्या भगिनींनाही पापड देण्यासाठी शाखेत यावे लागते, हे येथे आठवावे. तेथे त्यांची गाठ पडते, सुखदुःखे बोलली जातात आणि आपण एका संस्थेच्या आहोत, ही जाणीव ताजी राहते. कचेरीबाहेरचे काम संघाला लाभावयाचे असेल, तर तीन गोष्टींची तजवीज अगोदर व्हावी लागते: कामाची स्पष्ट वाटणी, फळावरून केलेले मोजमाप आणि ठरवून घडविलेली भेट. त्यांच्या अभावी घरी बसलेला माणूस एकाकी पडतो आणि संघ विस्कळीत होतो. त्या असतील, तर ज्यांच्यासाठी कचेरीचे दार एरवी बंदच राहिले असते, अशांची बुद्धी आणि हातही कामी येतात. इंग्लंडमधील त्या मातांना आणि गिरगावातील त्या भगिनींना दयेची अपेक्षा नव्हती. घरातून करता येईल असे चोख काम आणि त्याचा चोख हिशेब, एवढेच त्यांना हवे होते.